लगाम हाती घेताना

गेल्या वर्षी मे महिन्यात जालन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलाचा मंगल परिणय होता. विहारातला विधी सकाळी होता. आदल्या संध्याकाळी नवरदेवाला घोडीवर बसवून मिरवणूक काढायची, असा त्याच्या मित्रमंडळींचा हट्ट. बौद्ध पद्धतीच्या लग्नात घोडी कशाला आणि डी.जे. कशाला, असे आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतील. मीही म्हटले होते. पण तरण्या पोरांपुढे कोणाचे चालते? घोडी आली, डी.जे. आला, फटाक्यांची माळही आली.

वस्तीच्या तोंडाशी ती माळ लागली आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव खोगिराला मिठी मारून बसला. घोडीवाले चाचा तोंडाशी दोरी ओढीत होते, पोरे ओरडत होती, आणि जितके ओढावे तितकी घोडी जास्तच उसळत होती. गर्दीतून माझी भाची पुढे झाली. "चाचा, ओढू नका. दोरी सैल सोडा थोडी." तिने डी.जे. बंद करायला लावला. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभी राहून मानेवर हात ठेवला, काहीतरी हलक्या आवाजात बोलत राहिली आणि तिथल्या तिथे लहानसा फेरा मारून तिला चालवू लागली. दोन-तीन मिनिटांत घोडीने मान खाली घातली. मग भाचीने नवरदेवाला उतरायला सांगितले, घोडीचा पुढचा डावा पाय उचलून आपल्या गुडघ्यांमध्ये धरला आणि मला म्हणाली, "मामा, इकडं बघा. नालाचा खिळा वाकडा गेलाय. बिचारी पहिल्यापासूनच दुखण्यात होती, फटाका तर निमित्त झाला."

चाचा वयाने साठीचे. त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "बेटी, तू यह काम कहाँ सीखी?"

त्या प्रश्नाचे उत्तर वाचकांना द्यावे म्हणून हा लेख.

आमचे मूळ गाव जिल्ह्याच्या उत्तर भागात. तेथून असई फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची जी लढाई झाली, ती हीच असईची लढाई. मराठ्यांकडे त्या दिवशी घोडदळ अफाट होते. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. तेव्हा घोडा आमच्या मुलखाला नवा नाही. फक्त त्याच्या पाठीवर कोण बसणार आणि त्याच्यापुढे कोण पळणार, हे ठरलेले होते. माझे आजोबा पळणाऱ्यांतले. निजामाच्या अमदानीत अधिकाऱ्याचा दौरा आला की वेशीपासून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत घोड्यापुढे पळत वाट दाखवायची, मुक्काम पडला तर घोड्याला कडबा-पाणी करायचे, लीद काढायची, ही महारकीची कामे. त्याची मजुरी नव्हती. आजोबा सांगत, घोड्याचा श्वास मानेवर लागायचा. जन्मभर घोड्याची चाकरी केली, पण रिकिबीत पाय कधी घातला नाही.

आणि हे केवळ आजोबांच्या काळातले आहे असे समजू नका. २०१८ च्या मार्च महिन्यात गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. मुलाने घोडा पाळला आणि त्यावर बसून तो गावातून फिरतो, हे सहन न झाल्याने त्याला मारले, अशी फिर्याद त्याच्या बापाने दिली होती.

आता भाचीविषयी. तिचे वडील लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामगार, आई बियाण्याच्या गोदामात निवडणीला जाते. मी एस.टी.त वाहक. घोड्याशी आम्हा कोणाचा काडीचा संबंध नाही. बारावी विज्ञानानंतर तिला गुण चांगले पडले, पण एम.बी.बी.एस.ला कमी. पशुवैद्यकाला नंबर लागला तेव्हा घरात थोडी नाराजीच होती. "ढोराची डॉक्टरीण" म्हणून शेजारणी हसल्या. ती मात्र विदर्भातल्या एका महाविद्यालयात गेली आणि पहिल्याच वर्षी तिने एन.सी.सी.त नाव घातले.

एन.सी.सी. म्हणजे खाकी कपडे, परेड आणि नाश्ता, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण तिच्यात रिमाउंट आणि व्हेटर्नरी असा एक विभाग आहे, त्याला विद्यार्थी 'आर अँड व्ही' म्हणतात. या पथकांकडे सरकारचे घोडे असतात, त्यांची पागा असते आणि शिकवायला लष्कराच्या त्याच विभागातले रिसालदार, दफादार असतात. आपल्या राज्यात नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालयात आणि पुण्याला कृषी महाविद्यालयात अशी पथके आहेत. शहरातल्या खासगी क्लबात घोड्यावर बसायला शिकायचे तर महिन्याची फी आपल्या घरच्या किराण्याएवढी. इथे घोडा सरकारचा, दाणा सरकारचा, शिकवणारा सरकारचा.

इतिहासात शिलेदार आणि बारगीर असे दोन शब्द येतात. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा. पण गरिबाच्या पोराला घोड्यावर बसायची वाट बारगिरीचीच होती. आमची भाची बारगीर झाली म्हणायची.

पहिला दीड महिना तिला घोड्यावर बसूच दिले नाही. पहाटे साडेपाचला पागेत हजर व्हायचे. लीद काढायची, खरारा करायचा, खुरांच्या खाचांतली माती हुकाने काढायची, पाणी दाखवायचे, मग तोबरा. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने हे सगळे मोठ्या कौतुकाने सांगितले. माझी बहीण तिच्या हातांकडे पाहत राहिली. म्हणाली, "आपल्या आजानं हेच केलं की गं. ह्याच्यासाठी शिकवलं का तुला?" भाचीने उत्तर दिले नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आमच्यात कर्नलचा पोरगाही आहे. त्यालाही लीद काढावी लागते. ज्यानं घोड्याची लीद काढली नाही त्याला बसू देत नाहीत." मला वाटते, फरक होता तो इथेच.

लीद काढता काढताच घोडा कळतो, असे ती सांगते. लीद कोरडी पडली, कमी पडली, की पोटशूळ येतोय हे आधी समजते. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले परत बाहेर येण्याचा मार्ग त्याला निसर्गाने ठेवलेलाच नाही. म्हणून सडका चारा, एकदम भरपूर दाणा, हे सारे त्याच्या जिवावर बेतू शकते. थोडे थोडे आणि वारंवार खाणारे हे जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून एकदम जायचे नाही, डाव्या खांद्याकडून आवाज देत जायचे. कान पुढे असले तर लक्ष आहे, मागे चपटे पडले तर राग आहे.

बसायला सुरुवात झाली तीही रिकिबीशिवाय. पाय मोकळे सोडून नुसत्या मांड्यांवर आणि कमरेवर तोल सांभाळायचा. चाल जमली की दुडकी. दुडकीत घोडा असा हिसके देतो की पहिल्या आठवड्यात मांड्या सोलून निघतात. ती दोनदा पडली. एकदा मनगट सुजले, तीन दिवस वही धरता येईना. घरी कळवले नाही. पुढे दौड आली, अडथळ्यावरून उडी आली, आणि तिसऱ्या वर्षी भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलण्याचा खेळ आला. दरवर्षी जानेवारीत दिल्लीला प्रजासत्ताक दिनाचे शिबिर भरते, तिथे या कॅडेटांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात. त्या निवडीत ती शेवटच्या फेरीत मागे पडली. एक उस्ताद तिला म्हणाले, तुझी बैठक चांगली आहे, पण तू लगाम घट्ट धरतेस. भीती हातात उतरते आणि हातातून घोड्याच्या तोंडात जाते.

घोडा शिकवण्याची रीतही त्यांना शिकवतात. आपल्या भाषेत घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात, पण चाबकाचे काम त्यात थोडे. शिंगरू असताना फक्त माणसाच्या हाताची सवय. तीनेक वर्षांचे झाले की लांब दोरी लावून त्याला गोल गोल फिरवतात. याला जुना शब्द कावा. मग पाठीवर रिकामे खोगीर, मग ओझे, मग माणूस. सारी किल्ली एका गोष्टीत. पायाने किंवा लगामाने हलका दाब द्यायचा, घोड्याने योग्य ते केले की त्याच क्षणी तो दाब काढून घ्यायचा. दाब सुटणे हेच त्याचे बक्षीस. काम केल्यावरही जो ओढतच राहतो, त्याचा घोडा एक तर मेल्यासारखा होतो, नाही तर उधळतो.

हे ऐकताना मला केसी आठवला. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याची आणि तथागतांची भेट आहे. तथागत त्याला विचारतात, तू घोड्याला वळण कसे लावतोस? तो सांगतो, काहींना मायेने, काहींना कडक राहून, काहींना दोन्ही रीतींनी. आणि जो कशानेच ऐकत नाही त्याला मारून टाकतो, नाहीतर माझ्या गुरुघराण्याचे नाव जाईल. तथागत म्हणतात, माझीही रीत तीच. केसी चमकतो. तुम्ही तर प्राणिहत्या करीत नाही! तेव्हा उलगडा होतो: ज्याला शिकवणेच सोडून दिले, तो त्या शिकवणीच्या दृष्टीने मेलाच. भाचीला मी हे सांगितले तर ती म्हणाली, "आमच्या पागेत शेवटचं करावंच लागत नाही मामा. बहुतेक घोडे पहिल्या दोनांतच येतात. वेळ लागतो एवढंच."

घोडा, लगाम आणि आपला समाज म्हटले की चाळीसगावची गोष्ट आल्याशिवाय राहत नाही. १९२९ सालची. बाबासाहेब सरकारने नेमलेल्या समितीच्या कामावर होते, धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. मग आपल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. निघाल्याबरोबर मोटारीशी टक्कर होता होता वाचली आणि पुढे नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकून टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरसावर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि गाडी खाली नदीत गेली.

ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो ती टांगेवाल्यांच्या नीचपणासाठी. ते खरेच आहे. पण बाबासाहेबांनी नंतर लिहिलेल्या आठवणीत दुसरीही बाजू सांगितली आहे. पाहुण्याने पायी येऊ नये, त्याचा मान राहावा, या धडपडीत त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, असे ते म्हणतात. त्या हाकणाऱ्या भावाला मी दोष देत नाही. शिकायचे कोठे त्याने? घोड्यापुढे पळायला त्याला लावले होते, लगाम धरायला कोणी शिकवले नव्हते. भाचीला एकदा विचारले, तू असतीस तर? तिने बराच विचार केला. म्हणाली, "अनोळखी घोडा, अनोळखी रस्ता, आणि मोटारीला बुजलेला. मी उतरून, तोंडाशी धरून चालवत नेला असता."

आता पुन्हा चाचांच्या घोडीकडे. त्या रात्री नाल काढून जखम धुतली आणि भाचीने त्यांना दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला लावले. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. बोलता बोलता चाचांनी सांगितले की घोडीला फाल्गुनात दाखवून आणले आहे, त्यानंतर ती माजावर आलेली नाही. भाचीने बोटांवर महिने मोजले. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, म्हणजे माघात विणार. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येऊ लागते, दर एकवीस दिवसांच्या अंतराने, आणि माज पाच ते सात दिवस टिकतो. हे सगळे ती पुस्तकातून शिकली होती, चाचा बापाकडून. दोघांचे बरेच जुळले. एका गोष्टीवर मात्र अडले. भाची म्हणाली, आठव्या महिन्यापासून मिरवणुकीला लावू नका. चाचा म्हणाले, तुळशीचे लग्न झाले की आमचा हंगाम सुरू होतो, तेव्हाच आठवा-नववा लागतो, मग खाऊ काय? यावर तिच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

घोड्याच्या पैदाशीत आपल्या देशात आता मोठी शास्त्रीय कामे होतात. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची शाखा आहे, तिथे २०२३ साली एका घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून मारवाडी जातीचे शिंगरू जन्माला घातले. त्याचे नाव राज-प्रथमा. आपल्या दख्खनच्या भीमथडी तट्टालाही अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. मेंढपाळांच्या मागे बिऱ्हाड वाहणारी ती बुटकी, काटक तट्टे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पण घोड्याचे खरे उपकार आपल्यासारख्यांवर वेगळ्याच जागी आहेत. कापूस वेचताना, कडबा काढताना साप चावतो आणि माणसाला सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे जे औषध शिरेतून देतात ते घोड्याच्या रक्तातून आलेले असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. मग रक्त काढून त्यातले ते द्रव्य वेगळे करून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनचे हे काम प्रसिद्धच आहे, त्यांचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला असतात. आमच्या गल्लीतली एक बाई दोन वर्षांपूर्वी घोणस चावून वाचली. तिला हे सांगितले तर तिचा विश्वास बसेना. "घोड्याचं रगत माझ्या अंगात?" असे म्हणून कितीतरी वेळ हसत होती.

कोणा वाचकाच्या मुला-मुलीला ओढ वाटली तर दोन शब्द कामाचे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवे, आणि 'नीट' परीक्षेच्या गुणांवर नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत. एक वर्षाच्या आंतरवासितेसह शिक्षण साडेपाच वर्षांचे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कागदपत्रे वेळेवर द्या, जातवैधता आधीच काढून ठेवा. आमचे त्यात सहा महिने गेले. मात्र स्पष्ट सांगतो, नुसत्या घोडेस्वारीवर पोट भरत नाही. शर्यतीच्या तबेल्यातल्या मोतद्दाराची मजुरी काय असते ते पुण्या-मुंबईत विचारून पाहा. पोट भरते ते पदवीवर. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पशुधन विकास अधिकारी होता येते. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये पशुवैद्यक पदवीधर थेट कॅप्टन म्हणून घेतात, अलीकडे मुलींनाही घेऊ लागले आहेत. भाचीचा डोळा तिथे आहे. तिच्या आईचा विचार वेगळा आहे; तिला जावई जवळचा हवा.

चाचांनी हंगामात घोडी पूर्ण बंद ठेवली नाही. पण जवळच्या अंतराच्या तेवढ्याच सुपाऱ्या घेतल्या, फटाके लावायचे नाहीत अशी अट घातली, आणि पौषापासून तिला घरीच बांधली. भाच्याची टेम्पोवरची मजुरी त्यांना त्या दिवसांत उपयोगी पडली.

माघात एका रात्री तीनच्या सुमारास माझा फोन वाजला. घोड्या बहुधा रात्रीच वितात. भाचीचा फोन लागत नाही म्हणून चाचांनी मला लावला होता. वसतिगृहातल्या तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून मी तिला उठवले आणि दोन फोन दोन कानांना लावून मधे निरोप्यासारखा बसलो.

"किती वेळ झाला?"

"तासभर."

"उभं राहिलं का?"

चाचांना विचारले. राहिले, पाऊण तासातच.

"दूध प्यालं का? पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे, आईच्या पोटातून त्याला रोगाशी लढायचं काही मिळालेलं नसतं."

आताच तोंड लावले, असे चाचा म्हणाले.

"आणि जार? तीन तासांत पडला पाहिजे. ओढू नका म्हणावं, अजिबात ओढू नका. नाही पडला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलवा."

मी तसे सांगितले. पलीकडून घोडीच्या फुरफुरण्याचा आवाज येत होता. साडेचारला पुन्हा फोन आला. जार पडला होता. शिंगरू मादी होते, कपाळावर पांढरा टिळा. चाचांनी विचारले, डॉक्टरीणबाईला नाव सुचते का ते विचारा. भाची तोवर झोपली होती.